२६०७१९०२: मोठी संख्या उलगडायची कशी

कोल्हापुरात नवी गाडी घेतली की गाडीपेक्षा नंबराचीच चर्चा जास्त होते. एमएच ०९ सगळ्यांनाच मिळतं. पुढचे चार आकडे कुठले, यावर घरात बैठका बसतात. कुणाला ४१४१ हवा असतो, कारण पाटीवर तो ‘दादा’ असा रंगवता येतो. कुणाला बेरीज नऊ येणारा हवा असतो आणि त्यासाठी जादा पैसे मोजायचीही तयारी असते. या दुसऱ्या मंडळींनी नकळत एक गणिती गुणधर्म विकत घेतलेला असतो. अंकांची बेरीज नऊ आली की त्या संख्येला नऊने पूर्ण भाग जातो. शुभ-अशुभाचं मी काही सांगू शकत नाही, भाग जातो एवढं नक्की.

शाळा सुटून बरीच वर्षं झाली आणि लांबलचक आकडा दिसला की नजर आपोआप पुढे सरकते, अशांसाठी हा लेख आहे. सातवीपर्यंतचं गणित पुरेल. वही, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. कॅल्क्युलेटर पडताळ्यासाठी; खरं काम वहीत करायचं.

सरावाला अर्थ असलेली संख्या घेतली की ती लक्षात राहते. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. ही तारीख सलग लिहिली की आठ अंकी संख्या मिळते: २६०७१९०२. लेखभर हीच वापरू. एक गोष्ट आधीच सांगतो. या संख्येत पुढे जे काही सापडेल ते आपण तारीख ज्या पद्धतीने लिहिली त्यातून आलेलं आहे, त्याचा इतिहासाशी संबंध नाही. अंकशास्त्र सांगणाऱ्यांचं दुकान वेगळं, आपलं वेगळं.

पायरी १: आधी नीट वाचा

उजवीकडून पहिले तीन अंक सोडून स्वल्पविराम, मग दोन-दोन अंकांनी: २,६०,७१,९०२. दोन कोटी साठ लाख एकाहत्तर हजार नऊशे दोन. मोठ्याने वाचा. वाचता आली की निम्मी भीती जाते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शतपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत, त्यांपैकी आठच आपल्याला लागली.

पण हे स्वल्पविराम फक्त वाचण्यापुरते. पुढे तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आहेत, तिथे तीच संख्या २६ | ०७१ | ९०२ अशी तोडायची. नवखा माणूस सगळ्यात जास्त इथेच घसरतो: सवयीने ७१ चा गट करतो, पुढचं शून्य सोडतो आणि मग काहीच जुळत नाही. गट नेहमी उजवीकडून पाडा आणि मधली शून्यं लिहा.

पायरी २: शेपूट बघा

शेवटचा अंक २, म्हणजे संख्या सम. पाच आणि दहाचा प्रश्नच नाही. शेवटचे दोन अंक ०२, त्यांना चारने भाग जात नाही, म्हणून पूर्ण संख्येलाही जात नाही. चारने भागल्यावर बाकी २ उरते, यातून एक गंमतशीर गोष्ट फुकटात कळते: ही संख्या दोन पूर्ण वर्गांच्या वजाबाकीने कधीच मिळणार नाही. कारण पूर्ण वर्गाला चारने भागलं की बाकी ० किंवा १ च येते, मग दोन वर्गांच्या फरकाची बाकी २ येणार कुठून?

दोनने भागून टाका: १,३०,३५,९५१. जो भाजक सापडेल त्याने लगेच भागायचं आणि उरलेल्या लहान संख्येवर काम चालू ठेवायचं. ही एकच सवय लावून घेतलीत तरी अर्धा लेख वसूल.

पायरी ३: अंकांची बेरीज

२ + ६ + ० + ७ + १ + ९ + ० + २ = २७. सत्तावीसला नऊने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो.

असं का, हे शाळेत क्वचित सांगतात. १० म्हणजे ९ + १, १०० म्हणजे ९९ + १, १००० म्हणजे ९९९ + १. आपल्या संख्येत डावीकडचा २ हा दोन कोटी आहे, म्हणजे ९९,९९,९९९ ची दुप्पट आणि वर २. पुढचा ६ हा साठ लाख, म्हणजे ९,९९,९९९ ची सहापट आणि वर ६. नऊ-नऊ-नऊवाला भाग नऊच्या पाढ्यातलाच असतो, तो बाजूला टाकला की शिल्लक राहतात फक्त अंक. म्हणून अंकांच्या बेरजेला जी बाकी, तीच संख्येला. तीनचीही कसोटी हीच.

आता भागायला घेऊ. १,३०,३५,९५१ ला ९ ने भागलं की १४,४८,४३९. याच्या अंकांची बेरीज ३३, म्हणजे नऊने भाग नाही, पण तीनने आहे: ४,८२,८१३. आता बेरीज २६. तीनचं काम संपलं. आत्तापर्यंतचा हिशेब असा: २६०७१९०२ = २ × ३ × ३ × ३ × ४८२८१३.

दोन कोटींवरून पावणेपाच लाखांच्या थोडं पुढे आलो, तेही नुसत्या नजरेने आणि सोप्या भागाकारांनी.

पायरी ४: तीन-तीनचे गट

ही पायरी मला सगळ्यात आवडते, म्हणून इथे थोडं रेंगाळणार आहे.

नऊची कसोटी चालते, कारण दहाला नऊने भागलं की बाकी १ उरते. तसंच १००० ला ९९९ ने भागलं की बाकी १ उरते. म्हणजे सुट्या अंकांऐवजी तीन-तीन अंकांचे गट घेऊन बेरीज केली, तर ९९९ ची कसोटी मिळते. आणि ९९९ म्हणजे २७ × ३७. हा ३७ आडवळणाचा आहे, सरळ भागाकाराने शोधायला कंटाळा येतो, पण या वाटेने तो चटकन हाती लागतो.

आपली संख्या: २६ + ०७१ + ९०२. करा बेरीज.

९९९.

पूर्ण ९९९! म्हणजे २६०७१९०२ ला ९९९ ने पूर्ण भाग जातो. भागाकार २६०९८ येतो. पडताळा सोपा आहे, कॅल्क्युलेटरला हातही लावायला नको: २६०९८ ला हजाराने गुणा आणि त्यातून एकदा २६०९८ वजा करा. २,६०,९८,००० वजा २६,०९८ बरोबर २,६०,७१,९०२.

ज्यांना ही युक्ती ठाऊक नाही, त्यांनी ४८२८१३ ला ३७ ने हातानेच भागून बघावं. ४८ मध्ये ३७ एकदा, उरले ११. पुढचा २ घेतला, ११२. ३७ त्रिक १११, उरला १. पुढचा ८ घेतला, १८. भाग जात नाही, शून्य मांडा. पुढचा १ घेतला, १८१; ३७ चोक १४८, उरले ३३. शेवटचा ३ घेतला, ३३३. ३७ नव्वे ३३३, बाकी शून्य. उत्तर १३०४९. मधलं ते शून्य मांडायला विसरलात तर १३४९ येईल, तेव्हा जपून.

आता गट एकाखाली एक मांडा: ०२६, ०७१, ९०२. शतकाच्या रकान्यात ०, ०, ९. दशकाच्या रकान्यात २, ७, ०. एककाच्या रकान्यात ६, १, २. प्रत्येक रकान्याची बेरीज ९, हातचा कुठेच नाही. म्हणूनच ही संख्या उलटी लिहिली तरी गुण सुटत नाही. २०९१७०६२ घ्या: २० + ९१७ + ०६२ = ९९९. तिलाही ९९९ ने भाग जातो, भागाकार २०९३८. सुलट-उलट दोन्हीकडून चालणारी अशी तारीख बघून पहिल्यांदा कुणीही ‘नाद खुळा’ म्हणेल.

पण थांबा. अशा वेळी लगेच एक प्रश्न विचारायचा असतो: हे किती दुर्मीळ आहे? कुठलाही आठ अंकी आकडा घेतला तर साधारण हजारात एकाला ९९९ ने भाग जातो. तारखा मात्र कुठलेही आकडे नसतात, त्यांची ठेवण ठरलेली असते. १९०० ते १९९९ मधली तारीख असेल तर पहिला गट म्हणजे दिवस, दुसरा म्हणजे महिना आणि त्याला चिकटलेला १, तिसरा म्हणजे ९ आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक. यांची बेरीज ९९९ व्हायला हवी. मांडणी करून बघितलीत तर नियम इतका सुटसुटीत निघतो:

दिवस + महिन्याची दहापट + वर्षाचे शेवटचे दोन अंक = ९८

आपली तारीख तपासा: २६ + ७० + २ = ९८. बरोबर. आता मोजायला बसा. जानेवारीतल्या प्रत्येक तारखेला एक-एक वर्ष सापडतं, म्हणून ३१. फेब्रुवारीत २८ (२९ तारखेला १९४९ साल लागलं असतं आणि ते लीप वर्ष नाही). मार्च ३१, एप्रिल ३०, मे ३१, जून ३०. जुलैत २८ तारखेपर्यंतच जमतं, ऑगस्टमध्ये १८ पर्यंत, सप्टेंबरमध्ये ८ पर्यंत. ऑक्टोबरपासून पुढे काही नाही, कारण महिन्याची दहापटच १०० होते. एकूण २३५. म्हणजे विसाव्या शतकात साधारण दीडशे दिवसांमागे एक तारीख अशी आहे. सुंदर आहे, चमत्कार नाही.

आणि एकविसाव्या शतकात? २००० ते २०९९ मधल्या तारखांचा तिसरा गट शून्याने सुरू होतो. तिन्ही गटांची बेरीज फार तर ३१ + १२२ + ९९, म्हणजे २५२. ९९९ च्या जवळपासही नाही. तेव्हा या शतकात जन्मलेल्या एकाही पोराच्या जन्मतारखेला ९९९ ने भाग जाणार नाही. आजोबांच्या पिढीला ही मजा होती, नातवंडांना नाही.

पायरी ५: बेरीज-वजाबाकी, म्हणजे १००१

७ × ११ × १३ = १००१. हा गुणाकार पाठच करून ठेवा. १००० म्हणजे १००१ वजा १, म्हणून इथे गटांची बेरीज न करता आळीपाळीने अधिक-उणे करायचं, सुरुवात उजवीकडून. ९०२ − ७१ + २६ = ८५७. आता ८५७ ला ७, ११ आणि १३ ने भागा: बाक्या ३, १० आणि १२. तिघांनीही भाग जात नाही. तीन मोठे भागाकार एका ओळीत उरकले.

या कसोटीचं सगळ्यात देखणं उदाहरण आपल्याकडे नाही, शेजारी आहे. सांगलीचा पिन ४१६४१६. ४१६ − ४१६ = ०, म्हणजे ७, ११ आणि १३ तिघांनीही भाग जातो. तीन अंक दोनदा लिहिले की ती संख्या म्हणजे त्या तीन अंकांची १००१ पट. ४१६ म्हणजे २ पाच वेळा आणि १३ एकदा, म्हणून ४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३². या एका बाबतीत सांगलीकरांनी बाजी मारली, हे मान्य करायला लागतंय.

आपल्या ताराबाई पार्कचा ४१६००३ घ्या. ३ − ४१६ = −४१३, आणि ४१३ म्हणजे ७ × ५९. सातने भाग जातो, ११ आणि १३ ने नाही. उणे आलं म्हणून गोंधळू नका, चिन्ह सोडून भागा. पूर्ण अवयव ७ × ६७ × ८८७. तेराच्या बाबतीत तर कोल्हापूरकरांना आयती सवलत आहे: ४१६ ला तेराने भाग जातो, म्हणून ४१६ ने सुरू होणाऱ्या कुठल्याही पिनचे फक्त शेवटचे तीन अंक तपासले तरी भागतं.

पायरी ६: कुठे थांबायचं

आता आपल्याकडे उरलंय १३०४९. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून कुणानेच तिला भाग जात नाही, की तिचेही तुकडे होतात?

संख्या संयुक्त असेल, म्हणजे तिचे असे तुकडे होत असतील, तर तिचा निदान एक अवयव तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते तर गुणाकार संख्येच्या बाहेर गेला असता. म्हणून वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, पुढे जायचं नाही.

मूळच्या २६०७१९०२ चं वर्गमूळ ५१०६ च्या किंचित पुढे आहे. (५१०६ चा वर्ग २,६०,७१,२३६, म्हणजे आपली संख्या त्याहून नेमकी ६६६ ने मोठी.) ५१०६ पर्यंत ६८२ मूळ संख्या आहेत. सुरुवातीपासून एकेक भाजक काढून टाकला नसता तर एवढ्या सगळ्यांनी भागत बसायची वेळ आली असती. १३०४९ चं वर्गमूळ मात्र ११४ च्या जरा पुढे, आणि तिथपर्यंत मूळ संख्या फक्त ३०. भाजक सापडला की लगेच भागा, असं दुसऱ्या पायरीत सांगितलं ते यासाठी.

तीसही करायचे नाहीत. २ आणि ५ नजरेनेच गेले, ३ अंकांच्या बेरजेने (१७) गेला. ४९ − १३ = ३६, म्हणून ७, ११ आणि १३ गेले. १३ + ४९ = ६२, म्हणून ३७ पण गेला. उरले तेवीस, ते हाताने. १७ ने भागल्यावर बाकी १०, १९ ने १५, २३ ने ८. २९ ला तर एकाने हुकलं: २९ × ४५० = १३०५०. ३१ ने बाकी २९, आणि असंच पुढे. १०१ आला की दोन-दोनचे गट पाडा आणि अधिक-उणे करा: ४९ − ३० + १ = २०, हीच बाकी. शेवटचा ११३, बाकी ५४. एकानेही भाग गेला नाही. १३०४९ मूळ आहे.

तेवीस भागाकार म्हणजे काम कंटाळवाणं आहे, त्याला इलाज नाही. चहा घेऊन बसा आणि प्रत्येक बाकी वहीत लिहा. तोंडी केलं की मधलाच एखादा गळतो आणि मग आपण संयुक्त संख्येला मूळ म्हणून मोकळे होतो.

तर पूर्ण उत्तर:

२६०७१९०२ = २ × ३³ × ३७ × १३०४९

अवयवांचा क्रम कसाही लावा, यादी हीच येणार. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, म्हणून तर या यादीला संख्येची ओळख मानतात.

सरावाला दोन पिन देतो. शाहूपुरीचा ४१६००१: तीनने भागलं की १३८६६७. याला थेट भिडू नका, १३८००० + ६६७ असा बघा. दोन्हीत २३ आहे. उत्तर ३ × २३ × ६०२९. शिवाजी विद्यापीठाचा ४१६००४ मात्र चिवट निघतो: २² × ३ × ३४६६७, आणि ३४६६७ मूळ आहे हे पटवायला १८१ पर्यंत जावं लागतं.

पायरी ७: विभाजक किती, त्यांची बेरीज किती

अवयव हातात आले की हे दोन मिनिटांचं काम. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात एक मिळवा आणि गुणाकार करा. २ चा घातांक १, ३ चा ३, ३७ चा १, १३०४९ चा १. म्हणून २ × ४ × २ × २ = ३२ विभाजक. यादी हवीच असेल तर १९९८ चे सोळा विभाजक लिहा: १, २, ३, ६, ९, १८, २७, ३७, ५४, ७४, १११, २२२, ३३३, ६६६, ९९९, १९९८. मग प्रत्येकाला १३०४९ ने गुणून उरलेले सोळा. विद्यापीठाच्या पिनचे विभाजक बाराच, सांगलीच्या पिनचे ७२.

विभाजकांची बेरीज: (१ + २) × (१ + ३ + ९ + २७) × (१ + ३७) × (१ + १३०४९), म्हणजे ३ × ४० × ३८ × १३०५० = ५,९५,०८,०००. यातून संख्या स्वतः वजा केली की ३,३४,३६,०९८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा जास्त. २८ सारख्या परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येएवढीच भरते (१ + २ + ४ + ७ + १४), आपली संख्या त्या रेषेच्या बरीच वर आहे.

कापरेकरांच्या वाटेने

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. मोठं विद्यापीठ नाही, हुद्दा नाही, पण संख्यांच्या जगात त्यांचं नाव कायमचं कोरलं गेलं. त्यांनी दाखवलेल्या तीन गोष्टी आपल्या संख्येवर करून बघू.

पहिली, हर्षद संख्या. अंकांच्या बेरजेने संख्येलाच पूर्ण भाग गेला तर ती हर्षद. आपली बेरीज २७, आणि २७ × ९६५६२६ = २६०७१९०२. आहे हर्षद.

दुसरी, स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या ‘जन्मते’. जी अशी कुणाहीपासून जन्मत नाही ती स्वयंभू. आपली स्वयंभू नाही: २६०७१८६६ च्या अंकांची बेरीज ३६, आणि २६०७१८६६ + ३६ = २६०७१९०२. आई सापडली.

तिसरी सगळ्यांत प्रसिद्ध, १९४९ सालची, आणि ती चार अंकांवर चालते. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. फार तर सात खेपांत ६१७४ येतो आणि तिथेच अडकतो. १९०२ घेऊ: ९२१० − ०१२९ = ९०८१. मग ९८१० − ०१८९ = ९६२१. मग ९६२१ − १२६९ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. चौथ्या खेपेला पोहोचलो. आणि ‘दादा’वाला ४१४१? तो ३२६७, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ असं फिरत सहाव्या खेपेला ६१७४ वर येतो. वाटेतली प्रत्येक संख्या नऊच्या पाढ्यातली आहे, हे तिसरी पायरी वाचलेल्याला सांगायला नकोच. अंक तेच, क्रम वेगळा, अशा दोन संख्यांच्या फरकाला नऊने भाग जातोच. सिग्नलला उभं असताना समोरच्या गाडीवर हा खेळ करता येतो. हिरवा लागला की सोडून द्या.

यंत्र वापरताना

आठ अंकी संख्येला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. लिनक्सवर ‘फॅक्टर’ नावाची आज्ञाच आहे, पुढे संख्या लिहिली की अवयव समोर. पण एक्सेलमध्ये जपा. तिथे संख्येचे फक्त पंधरा अंक खरे राहतात. सोळा अंकी कार्ड नंबर संख्या म्हणून टाकलात तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. असे लांब नंबर ठेवायचे असतील तर त्या रकान्याचं स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच भरा.

संख्या अजून वाढल्या की दोन प्रश्नांची वाट फुटते आणि नवख्याने हा फरक ओळखायला हवा. ‘ही संख्या मूळ आहे का?’ हे विचारणं तुलनेने सोपं आहे. २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी त्यासाठी खात्रीची आणि जलद रीत दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या मूळ संख्येला तर ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती म्हणजे २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १. ‘हिचे अवयव कोणते?’ हा प्रश्न मात्र फार अवघड. दोन दांडग्या मूळ संख्यांचा गुणाकार करून दिला तर तो फोडायला आजच्या संगणकांचाही घाम निघतो, आणि इंटरनेटवरच्या व्यवहारांतलं बरंचसं कुलूपबंद संरक्षण याच अडचणीवर उभं आहे. आव्हान म्हणून दिलेली अशी एक २५० अंकी संख्या २०२० मध्ये फोडली गेली, तीही असंख्य संगणक एकत्र जुंपून.

आता वही तुमच्याकडे

शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेला एक तरी माणूस प्रत्येक घरात असतोच, मास्तरांची कृपा. त्यात साल १९३७ असेल तर बघा: १ + ६० + ३७ = ९८. म्हणजे ०१०६१९३७ ला ९९९ ने भाग जाणार. भागाकार १०६३. तो मूळ आहे का, हे ठरवायला ३१ पर्यंतच जायचं आहे.

ते झालं की राजारामपुरीचा ४१६००८ घ्या. आठने लगेच भाग जातो आणि ५२००१ उरतो. ७, ११, १३ ची कसोटी एका ओळीत होईल: १ − ५२ = −५१, तिघांनीही भाग नाही. त्यानंतर बराच वेळ काहीच हाती लागणार नाही आणि हा मूळच आहे असं वाटायला लागेल. तरी शंभरीला सोडू नका, १४९ पर्यंत या.